सगळी दारं पूर्वेला

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्याचा पहिला मान देवासच्या माझ्या आत्याचा. वडिलांची थोरली बहीण. तिचं नाव इथे लिहिलं तर ती रागावेल. बाईचं नाव मतदारयादीत आणि रेशनकार्डावर आलं की पुरे, असं तिचं मत आहे. म्हणून नुसती आत्या.

आम्ही मूळचे अमझेऱ्याचे. म्हणजे मूळचे महाराष्ट्रातले, पण ते मूळ आता कोणाला नीट सापडत नाही. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, हे आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितलं जातं. ते तलवार घेऊन नाही, सुई-दोरा घेऊन आले, हे जरा हळू आवाजात सांगतात. ते फौजेचे तंबू शिवत. घरं उभारण्याचा धंदा आमच्यात तसा जुनाच. फक्त आमची घरं संध्याकाळी उभी राहत आणि सकाळी गुंडाळली जात. वडील अमझेऱ्यात शाळेचे गणवेश शिवायचे. मी बारावी झालो तोवर आमच्या घराण्यातलं कोणी कॉलेजच्या फाटकातून आत शिकायला गेलेलं नव्हतं. एक काका गेले होते, पण पडद्यांची मापं घ्यायला.

आत्याने मला देवासला ठेवून घेतलं. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. माताजीच्या टेकरीच्या पायथ्याशी एका गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं, एका खोलीच्या मागे दुसरी, आणि पुढे ओटा. ओट्यावर तिचं पायमशीन. त्या मशीनवर तिने अर्ध्या मोहल्ल्याचे ब्लाउज शिवले आणि मला सिव्हिल इंजिनियर केलं.

गल्ली अशी अरुंद की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागे. दोन्ही बाजूंना घरं, घरांना ओटे, ओट्यांवर माणसं. कुठेही जायचं तर सगळ्यांच्या देखत जावं लागे, आणि यायचं तर सगळ्यांना उत्तर देत. माझा पहिल्या वर्षाचा निकाल आत्याला कळायच्या आधी समोरच्या काकूंना कळला. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. माझी चाल बघूनच म्हणाल्या, "क्यों भिया, कौन-सा विषय गया?"

"एकच," मी म्हणालो.

"एकच ना? मग मान खाली कशाला? आमच्या ह्यांचे तर सगळे गेले होते, तरी लग्न झालं."

संध्याकाळी काकूंनी वाटीभर शिरा पाठवला. गल्लीत नापास झाल्याचाही शिरा असतो, हे मला तेव्हा कळलं.

माझं शिक्षण सगळं हिंदीत झालेलं. मराठी बोलायचो, पण वाचताना अडखळायचो. आत्या शिवत असताना मला मराठी कॅलेंडरची मागची पानं मोठ्याने वाचायला लावायची. लोणच्याची कृती, मूळव्याधीवरचा लेख, महिन्याचं राशिभविष्य. चुकलो की मशीन थांबायचं. मशीन थांबलं की समोरून काकू विचारायच्या, "काय चुकला?" आजही मी मराठीत लिहितो तेव्हा कानात मशीन चालू आहे ना, याकडे माझं लक्ष असतं.

डिग्री मिळाली. पीथमपूरच्या एका कारखान्यात इमारतींच्या देखभालीची नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली, आणि धारहून तिरल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका नव्या कॉलनीत मी प्लॉट घेतला. आमच्या खानदानातलं, जमिनीत पाया असलेलं पहिलं नवीन घर. आनंद इतका झाला की कॉलनीचा नकाशा मी फ्रेम करून लावला. नकाशा फार सुंदर होता. त्यात झाडं अगदी गोल होती.

कॉलनीची जाहिरात एकाच गोष्टीची होती: सगळे प्लॉट पूर्वाभिमुख. हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. साधारणपणे वस्तीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं असतात आणि ती एकमेकांकडे तोंड करून बसतात. म्हणजे अर्ध्यांचं दार पूर्वेला, तर अर्ध्यांचं पश्चिमेला. पण आता पश्चिमेचं दार कोणालाच नको असतं. लक्ष्मी त्या बाजूने येत नाही, असं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तेव्हा आमच्या कॉलनीवाल्याने शक्कल काढली. त्याने रस्त्याच्या एकाच बाजूला दारं ठेवली. ओळीमागे ओळ, प्रत्येक ओळीला पूर्वेला स्वतःचा रस्ता, आणि प्रत्येक ओळीचं तोंड पुढच्या ओळीच्या पाठीकडे. सिनेमाच्या थेटरात खुर्च्या असतात तसं. फरक इतकाच की समोर पडदा नाही.

मी इंजिनियर आहे. एका ओळीला एक रस्ता म्हणजे जवळजवळ दुप्पट सिमेंट, आणि तेवढी जमीन पाणी पिणार नाही, हे मला नकाशा बघताक्षणी कळायला हरकत नव्हती. पण मीही प्लॉट बघताना पहिला प्रश्न हाच विचारला होता: "ईस्ट-फेसिंग है ना?" तो म्हणाला, "साब, यहाँ तो सूरज भी दूसरी तरफ नहीं देखता."

जागेवर पूर्वी गहू-हरभऱ्याची शेतं होती आणि मधून एक नाला वाकडा-तिकडा जात होता. काठाला खाखऱ्याची, म्हणजे पळसाची, झाडं, बोरी, आणि टिटव्या. वाकडा नाला सरळ प्लॉटमध्ये बसेना, म्हणून नाल्याला सरळ केलं, पाइपात घातलं आणि वरून रस्ता केला. तोच रस्ता आमच्या घराच्या मागून जातो. झाडांच्या जागी कॉलनीला झाडाचं नाव दिलं. बाग म्हणून जो त्रिकोण नकाशात हिरवा रंगवला होता, तो प्लॉट पाडून उरलेला तुकडा निघाला. टिटव्या अजून येतात. रिकाम्या प्लॉटवरच्या खडीत अंडी घालतात आणि आपल्याच वास्तूवरून दिवसभर ओरडतात. त्यांच्या अंड्यांची दिशा कोणती असते, ते मी बघितलेलं नाही.

घर झालं आणि इकडे आत्याचे गुडघे गेले. नळावर एकदा पडली, मग तिच्याच ओट्याची पायरी तिला जड झाली. मी आणि बायकोने ठरवलं की तिला कायमची आमच्याकडे आणायची. तिच्यासाठी खालची खोली ठेवली होती, पायरी नसलेली, शेजारी कमोडचं बाथरूम. आयुष्यात कोणाची परतफेड करायची संधी इतक्या सोप्या रूपात येईल असं मला वाटलं नव्हतं. तिने यावं आणि राहावं, एवढंच मला हवं होतं.

"दिवाळीला येते," आत्या म्हणाली. "संक्रांतीपर्यंत बघू. जीव रमला तर राहीन."

मशीन बरोबर आणलं होतं. घर हिंडून बघितलं. फरशी गुळगुळीत आहे म्हणाली, स्वयंपाकघर मोठं आहे म्हणाली, आणि मग दारात उभी राहून तिने विचारलं, "समोर कोण राहतं?"

आम्ही तिघंही समोर बघू लागलो. समोर पुढच्या ओळीची पाठ होती. लांबच लांब भिंत, वर बाथरूमच्या खिडक्या, एक्झॉस्टचे पंखे, आणि पावसाच्या पाण्याचे पाइप.

"समोर कोणी राहत नाही, आत्याबाई," बायको म्हणाली.

"असं कसं? समोर कोणीतरी असतंच की."

"आहेत, पण त्यांचं तोंड तिकडे आहे."

आत्याने थोडा वेळ त्या पंख्यांकडे पाहिलं. "आणि आपली पाठ कोणाकडे?"

त्यासाठी तिला मागे न्यावं लागलं. मागे धुणंभांड्याची अरुंद मोकळी जागा आणि कमरेहून जरा उंच भिंत. भिंतीपलीकडे नाल्यावरचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे मागच्या ओळीची दारं, सगळी आमच्याकडे तोंड करून. एका दारात एक बाई मटार सोलत बसली होती. आमच्या भिंतीतून निघालेल्या पाइपाने आमच्या मोरीचं पाणी तिच्या दारापुढे छान पसरत होतं. तिथे एक डबकं कायमचं झालं होतं, त्यात तिने विटा टाकून पाय ठेवायची सोय केली होती.

"अरे," आत्या म्हणाली, "तू त्यांच्या दारात पाणी सोडतोस?"

"मंजूर नकाशा तसाच आहे आत्या. पुढचे आमच्या रस्त्यावर सोडतात, आम्ही मागच्यांच्या. उतार पश्चिमेकडे आहे ना."

"आणि सगळ्यात शेवटची ओळ?"

"ती शेतात सोडते. शेतकऱ्याने बांध घातलाय."

"म्हणजे शहाणा तो एकटाच," आत्या म्हणाली, आणि भिंतीवर हात टेकून पलीकडे ओरडली, "बाई, माफ करना हं, हमारा पानी आपके यहाँ आता है!"

ती बाई दचकून उभी राहिली. त्या भिंतीतून आजवर पाणी आलं होतं, आवाज पहिल्यांदाच आला होता. मग हसून म्हणाली, "अरे बुआजी, आप बोले तो सही! पानी तो रोज बोलता है।"

त्या आठवड्यात मी मागच्या पट्टीत शोषखड्डा खणून घेतला. काळी माती, उन्हाळ्यात पाय जाईल अशी फाटते आणि पावसाळ्यात फुगते. आमच्या कुंपणाला तिने आधीच एक तडा दिला होता. खड्ड्यात दगड-विटा भरल्या, पाणी जमिनीत जाऊ लागलं. पलीकडचं डबकं सुकलं. त्या बाईने विटा उचलून त्यांचा तुळशीला चौथरा केला.

आत्याला पुढच्या दाराचा उपयोग नव्हता. तिथे बसलं की दिवसभरात शिफ्टच्या बसला जाणारे चार लोक मान खाली घालून मोबाइल बघत जाताना दिसत. ती खुर्ची घेऊन मागे जाऊन बसू लागली, मग मशीनही मागे गेलं. पलीकडच्या बायका भिंतीशी येऊन उभ्या राहू लागल्या. पहिल्यांदा फॉल-पिको, मग ब्लाउज, मग नुसत्याच. पण भिंतीवरून माप घेता येत नाही. आत्याला त्यांच्याकडे जायचं तर आमच्या दारातून निघून ओळीच्या टोकापर्यंत चालायचं, वळायचं, आणि तेवढंच परत यायचं. मटार सोलताना दिसणारी बाई चालायला लागलं की दुसऱ्या गावची होत असे. तसल्या गुडघ्यांनी आत्या एकदा गेली आणि दोन दिवस झोपून राहिली.

तेव्हा मी भिंत तोडून एक लहान लोखंडी गेट बसवलं. एवढंच.

संक्रांतीला आत्याने माझ्या बायकोच्या हातून हळदीकुंकू केलं. बायकोने कॉलनीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. उत्तरादाखल खूप जोडलेले हात आले. आमच्या ओळीतल्या एक मॅडम आल्या, शेजारच्या शेजारून, स्कूटीवर. मागच्या गेटातून मात्र ओळच्या ओळ आली. त्यातल्या बऱ्याच जणींना हळदीकुंकू म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एकीने विचारलं, "बुआजी, इसमें करना क्या होता है?"

"काही नाही. आना, बैठना, तिळगूळ खाना, और दूसरी के ब्लाउज को नावं ठेवना."

"ये तो हमको आता है!"

त्या दिवशी आमच्या घरात इतका आवाज होता की माझी मुलगी घाबरून आईजवळ गेली आणि विचारू लागली, कोणाचं लग्न आहे?

त्याच संध्याकाळी कॉलनीच्या समितीचा संदेश आला, की मागच्या गेटाबद्दल बोलायचं आहे. समितीचे अध्यक्ष एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. ते स्वतः घरी आले, बूट बाहेर काढून बसले, चहा घेतला.

"देखिए भिया," ते म्हणाले, "बुआजी का हम आदर करते हैं। पर गेट पश्चिम में खुल गया है।"

"हो, पण मुख्य दार पूर्वेलाच आहे."

"अभी है। कल को लोग आपका पता पीछे से बताने लगे तो? आपका मकान वेस्ट-फेसिंग हो जाएगा। फिर बगल वाला भी खोलेगा। पूरी लाइन घूम जाएगी।"

मी इंजिनियरिंगमध्ये अनेक प्रकारची संकटं शिकलो होतो. ओळ फिरण्याचं त्यात नव्हतं.

"आणि निवासी भागात शिलाईचं काम," ते आवाज खाली करून म्हणाले. "आज बुआजी ब्लाउज, कल कोई समोसे। रविवारच्या बैठकीत तुम्ही सांगून टाका की बंद करताय. बात ख़त्म."

आत्या आतून ऐकत होती. ते गेल्यावर बाहेर आली. "चांगला माणूस आहे," म्हणाली. "बूट काढून आला."

"आत्या, मी बघतो काय ते."

"काय बघणार? तुला इथे जन्म काढायचाय. माझ्या पायी कोणाशी वाईटपणा घेऊ नकोस." मग हसली. "देवासात आमच्या सासूबाईंच्या वेळी एका गावात दोन राज्यं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. आमचं घर एका पातीत, समोरच्या काकूंचं दुसऱ्या. राजे वेगळे, पोलीस वेगळे. पण विरजण रोज इकडून तिकडे जायचं, कोणाची परवानगी लागली नाही. तुमच्या इथे राजा नाही आणि विरजण अडतं."

दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. मशीनही न्यायचं म्हणाली. तेव्हा मला कळलं की ही परत यायच्या विचाराने जात नाही. मी गाडी काढली. घाटाबिल्लोद गेलं, इंदूर गेलं, ती सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती, कॉलन्यांचे फलक मोठ्याने वाचत होती. सगळीकडे पूर्वाभिमुख. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. मशीन समोरच्या काकूंच्या मुलाने आणि मी उचलून ओट्यावर ठेवलं. आत्याने पायरीवर पाय ठेवला, थांबली, भिंत धरली, आणि मग दुसरा ठेवला. काकू पलीकडून म्हणाल्या, "आली का? बरं झालं, माझा ब्लाउज तसाच पडलाय." पण त्यांचं लक्ष तिच्या गुडघ्याकडे होतं, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली.

परत येताना मी ठरवलं नव्हतं की रविवारी काय बोलायचं. मी नियम पाळणारा माणूस आहे. नियमांनीच मला अमझेऱ्याहून इथवर आणलं: फॉर्म वेळेवर भरला, हॉलतिकीट सांभाळलं, वर्गात पहिल्या बाकावर बसलो. समितीपुढे उभा राहून नाही म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

बैठकीनंतर मी आत्याला पत्र पाठवलं. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही आणि तिला मोठ्याने सांगायचं तर गल्लीला सांगावं लागतं. पत्र असं होतं:

आत्या, पाया पडतो.

तू गेल्यावर रविवारी बैठक झाली. जागा म्हणजे बागेच्या त्रिकोणातली पत्र्याची शेड, नकाशात तिला क्लब हाउस म्हणतात. अध्यक्षांनी विषय वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. पुढच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली, तुला खोटं कशाला सांगू. मी म्हणालो, गेट बंद करणार नाही.

ते म्हणाले, पर नियम? मी म्हणालो, मंजूर नकाशात मागच्या भिंतीला गेट नको असं कुठे लिहिलेलं नाही, मी दोनदा बघितलं. एक जण म्हणाले, लक्ष्मी निघून जाईल. मी म्हणालो, माझ्याकडे लक्ष्मी कर्जावर आली आहे, बँक तिला कुठेही जाऊ देणार नाही. लोक हसले. मग मी बसलो, कारण पुढचं काही ठरवलेलं नव्हतं.

आणि तेवढ्यात मागच्या ओळीच्या बायका आल्या. मटारवाल्या ताई पुढे होत्या. बैठकीला आजवर बायका आल्या नव्हत्या, म्हणून खुर्च्या कमी पडल्या आणि पुरुष उठले. ताई म्हणाल्या, "भाईसाब, आपको सूरज दिखता है, हमको आपकी दीवार दिखती है। पूरी दीवार में एक दरवाज़ा है, उसमें से एक बुआजी निकलती हैं। वो भी बंद करोगे?" अध्यक्ष म्हणाले, विचार करू. मग विषय पुढे ढकलला. पुढे ढकललेला विषय ते विसरतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

मला ग्रुपमधून काढून टाकलं आहे. सकाळचे सुविचार येणं बंद झालं, बाकी नुकसान नाही. आमच्या बाजूचे गृहस्थ काल भिंतीशी उभे राहून हळूच विचारत होते, गेट कोणत्या लोहाराकडून केलं.

तू म्हणालीस, तुझ्या पायी कोणाशी वाईटपणा घेऊ नको. आत्या, मी कॉलेजात गेलो तो तुझ्या पायांवर, मशीनवर दिवसभर चालायचे त्यांच्यावर. तेच पाय आता तुझी पायरी चढत नाहीत. माझ्याकडे पायरी नाही. माणसं नव्हती, तीही आता मागच्या बाजूने येऊ लागली आहेत. गेट बंद होणार नाही, अध्यक्षांनी परत विचारलं तरी नाही. तू नाही आलीस तरी नाही.

गल्ली सोड, असं मी म्हणणार नाही. तिथे काकू आहेत, त्यांची बरोबरी आमची अख्खी कॉलनी करणार नाही. तुला वाटेल तेव्हा परत नेऊन सोडेन, महिन्याला म्हणालीस तर महिन्याला.

शनिवारी येतो. सुट्टी घेतली आहे. यायचं असेल तर मशीनचं पायडल सोडवून ठेव, म्हणजे मागच्या सीटवर बसेल. यायचं नसेल तर ठेवू नकोस, मी बघून समजेन, जेवेन आणि परत येईन.

तुझा भाचा